कौल कोणाच्या बाजूचा

टॅरोच्या पत्त्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि तरी दुबईत दोन वर्षं मी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना ते मांडून द्यायचे. हे लिहितानाही माझा मला राग येतो. गणितात बी.एस्सी. झालेली, बी.एड. केलेली, नगरच्या शाळेत तीन वर्षं मुलांना संभाव्यता शिकवलेली बाई मी. नाणं उडवलं की छाप आणि काटा यांची शक्यता निम्मी निम्मी, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. आणि तीच मी अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी पडदे ओढून टीपॉयवर पत्ते पसरून बसायचे. असल्या गोष्टी त्या देशात उघडपणे करायच्या नसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पडदे, म्हणून हळू आवाज, आणि त्यामुळेच बायकांना त्यात जास्त गंमत.

पत्ते मला दिले समोरच्या फ्लॅटमधल्या आयरिश नर्सनं. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. गल्फ सोडून जाणारा माणूस आठवडाभर आपला संसार वाटत सुटतो, तसा तिनं मला इस्त्रीचा स्टँड दिला, वेताच्या दोन खुर्च्या दिल्या, आणि रेशमी रुमालात गुंडाळलेला हा पत्त्यांचा जोड दिला. वापरायचा कसा तेही एका दुपारी बसून शिकवलं. पद्धत अगदी साधी होती. तीन पानं काढायची आणि डावीकडून उजवीकडे मांडायची. पहिलं पान म्हणजे तू काय घेऊन आली आहेस. दुसरं, आत्ता काय चाललंय. तिसरं, तू काय बघायचं टाळते आहेस. चित्र नीट बघायचं, मनात पहिलं काय येतं ते बोलायचं. पान उलटं पडलं तर घाबरायचं नाही, तीच गोष्ट जरा सावकाश बघायची. आणि एक तिनं बोट उगारून बजावलं, "करू की नको, असं यांना कधी विचारू नकोस. यांना हो-नाही येत नाही."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं बाईनं. मी ते महिनाभरसुद्धा पाळलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर कुडाळच्या एक वहिनी राहायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच त्या वहिनी. त्यांना ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं होतं. दुबईत ते दिव्य असतं. तीनदा त्या रोड टेस्टला बसल्या आणि तीनदा नापास झाल्या. चौथ्यांदा बसावं का, असं विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मी तीन पानं मांडली, नर्सनं शिकवलं तसं बोलायला लागले, तुम्ही काय घेऊन आलात, आत्ता काय चाललंय. वहिनी पाच मिनिटं ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गो बाय, ता सगळा ऱ्हवांदे. उजवो की डावो, तेवढा सांग."

कोकणातल्या देवळांत कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की त्यावर बोलायचं नाही. लग्न असो, जमीन असो, घराचा पाया असो. मी नगरची, मला हे लग्नानंतर कळलं. नवरा वेंगुर्ल्याकडचा, त्याच्या घरात कौलाशिवाय पान हलत नाही.

तर वहिनींनी उजवा-डावा विचारलं आणि मी काय केलं? तिसरं पान उलटं पडलं होतं. मी म्हणाले, "डावा." वहिनी उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमधली आपली फाइल बंद केली, आणि येताना माझ्यासाठी डबाभर मालवणी खटखटे लाडू घेऊन आल्या.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? देशात मी बाई होते, मुलं मला बाई म्हणून हाक मारायची, मी वर्गात शिरले की आवाज बंद व्हायचा. दुबईत पासपोर्टावर शिक्का होता 'हाउसवाइफ'. नऊ वर्षांची माझी मुलगीसुद्धा माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊन टीव्हीकडे वळायची. अशात कुणी मुद्दाम दार वाजवून आपलं म्हणणं ऐकायला येतं, आपण 'डावा' म्हटलं की फाइल बंद करतं, याची चटक लागते. मग माझ्याकडे सरळ पान म्हणजे उजवा कौल आणि उलटं पान म्हणजे डावा कौल, असा कायदाच झाला. नर्सची पद्धत गेली बाजूला. देशी जाऊ की नको, मुलाला हॉस्टेलला ठेवू की नको, जावेशी बोलू की नको. मी सांगायचे आणि बायका तसं करायच्या.

आणि मग माझ्यावर वेळ आली.

क्रीकच्या पलीकडच्या एका भारतीय शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली. मी गुपचूप अर्ज केला, मुलाखत दिली, वर्गात उभं राहून अपूर्णांक शिकवून दाखवले. सात वर्षांनी हातात खडू आला. प्रिन्सिपलबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या, आणि मुलं माझ्याकडे बघत होती. घरी परतताना अब्रामध्ये बसले होते, बोट डिझेलच्या धुरात धडधडत होती, आणि मी एकटीच हसत होते. आठवड्यात ऑफर लेटर आलं. शाळेची बस आमच्या कोपऱ्यावरून मला घेऊन जाणार होती, मुलीच्या शाळेची वेळही तीच होती. कशातच काही अडचण नव्हती. फक्त एक कागद हवा होता, नवऱ्याची एनओसी. मी त्याच्या व्हिसावर होते, तो माझा स्पॉन्सर. माझ्या पत्नीनं नोकरी करण्यास माझी हरकत नाही, असं त्यानं लिहून द्यायचं. शनिवारी सकाळी दहापर्यंत शाळेत पोचवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार, हेही क्लार्कनं सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी मी बर दुबईच्या एका टायपिंग सेंटरमध्ये ते पत्र टाइप करून घेतलं. टाइप करणारा मल्याळी होता. पत्र माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, इधर हजबंड का साइन. बस, खलास."

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी पत्र नवऱ्यापुढे ठेवलं. सुट्टीचा दिवस, सुरमईचं जेवण, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला. हाच मुहूर्त म्हणून मी थांबले होते, म्हणजे बघा, मुहूर्त मीही बघतच होते. त्यानं पत्र वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. तो वाईट माणूस नव्हता. हात उगारणारा नव्हता, दारू पिणारा नव्हता. हे मी आजवर इतक्या जणांना सांगत आले आहे की त्या सांगण्याचाच आता कंटाळा आला.

"तुला नोकरी कशाला हवी?" त्यानं विचारलं.

"मला शिकवायचंय."

"बघू."

"अहो, उद्या दहापर्यंत द्यायचंय."

मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. बांधकामाच्या साइटवर सबकॉन्ट्रॅक्टरला अडकवताना येत असेल तसं. म्हणाला, "असं कर, तुझे पत्ते आण. बिल्डिंगला कौल देतेस ना? मग आपल्या घरालाही दे. उजवा आला तर आत्ता सही. डावा आला तर विषय खलास."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. पत्ते हो-नाही सांगत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ते म्हणणार कुठल्या तोंडानं? दोन वर्षं मी हेच करत आले होते. नाही म्हटलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, मग वहिनींची फाइल कशी बंद करायला लावलीस? मी आत गेले आणि पत्ते घेऊन आले. त्या जाण्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. त्याच्या बोलण्यापेक्षाही जास्त.

टीपॉयच्या एका बाजूला मी जमिनीवर मांडी घालून बसले, दुसऱ्या बाजूला सोफ्यावर तो. मुलगी टीव्ही सोडून माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. मी पिसले, तीन पानं काढली. पहिली दोन कुठली होती ते मला आठवत नाही. तिसरं आठवतं. बाकावर बसून हातोडीनं एक एक चकती घडवणारा कारागीर. समोर घडवलेल्या चकत्या ओळीनं टांगलेल्या, आणि त्याचं सगळं लक्ष हातातल्या कामात. पान सरळ पडलं होतं. याहून सरळ काय पडणार होतं? माझ्या तोंडून 'उजवा' निघालं तेव्हा माझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

नवरा पुढं वाकला. म्हणाला, "मला तर उलटं दिसतंय."

"तुम्ही समोर बसलाय म्हणून."

"हो, पण कौल नेहमी देवाच्या उजव्या-डाव्यानं धरतात. मागणाऱ्याच्या नाही. तुझ्या नगरला हे कसं ठाऊक असणार?"

मी टीपॉयच धरला आणि अख्खा फिरवला. त्याचा पाण्याचा ग्लास कार्पेटवर पडला. "घ्या. आता तुम्हाला सरळ दिसतंय ना?"

"देव असा फिरवत नाहीत."

मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स चीटिंग."

"तू गप्प," तो तिला म्हणाला.

मी विचारलं, "इथं देव कोण आहे?"

तो हसला. अगदी मजेत, चिडवल्यासारखा. म्हणाला, "स्पॉन्सर कोण आहे?"

आणि सोफ्यावर आडवा झाला. दहा मिनिटांत घोरायला लागला.

राग येणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं असं नाही. पण तो राग निराळा होता. ओरडावं तर काय म्हणून ओरडणार? त्यानं माझाच नियम मला लावला होता. मी पत्ते गोळा केले, पर्समध्ये टाकले, मुलीला घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर वहिनींकडे गेले.

वहिनी कोलंबी सोलत होत्या. मी दारातूनच म्हणाले, "वहिनी, ते डावा कौल वगैरे सगळं खोटं होतं. पत्त्यांना काही कळत नाही. तुम्ही परत फाइल उघडा." आणि घरात काय झालं ते भडाभडा सांगितलं. पान मला सरळ, त्याला उलटं, सगळं.

वहिनींनी हात धुतले. मुलीला बिस्किटं दिली आणि आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मीही तुझ्या समोरच बसले होते की गं. मला ते पान सरळच दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. तू डावा म्हणालीस म्हणजे डावाच असणार." मग त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मी तुझ्याकडे येतानाच दमलेली होते. कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. तू म्हणालीस, मी सुटले."

त्यांचा आवाज साधा होता, त्यात तक्रार नव्हती. म्हणजे बायका माझ्याकडे यायच्या त्या आपली जबाबदारी माझ्या टीपॉयवर ठेवून जायला. आणि मी ती ऐटीत उचलून घ्यायचे. नवऱ्यानं निराळं काय केलं होतं? मी माझा निर्णय त्याच्या ओंजळीत ठेवला होता, त्यानं तो ऐटीत धरला.

वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर, कोलंबीच्या सालांचं ताट बाजूला सारून, मी तीन पानं काढली. किती दिवसांनी पुन्हा, नर्सनं शिकवलं होतं तसं. प्रश्न विचारला नाही. पहिल्या पानावर एक माणूस काठीला गाठोडं अडकवून कड्याच्या टोकाला उभा. मी काय घेऊन आले? एक सुटकेस आणि दोन पदव्या. दुसऱ्यावर एक बाई, तिला बांधलेलं, डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला तलवारी रोवलेल्या. ते बघून मला हसू आलं, इतकं ते उघड होतं. पण मग नर्सनं सांगितलं तसं सावकाश बघितलं, तर त्या बाईचे पाय मोकळे होते. पाय कुणी बांधलेच नव्हते. तिसरं पान उलटं पडलं. त्यावर सिंहासनावर बसलेला दाढीवाला राजा होता, आता डोक्यावर उभा. तू काय बघायचं टाळते आहेस?

मी सतत त्याला विचारत होते, हेच मी बघायचं टाळत होते. चोरून अर्ज केला तेव्हा, जेवण होईपर्यंत थांबले तेव्हा, पत्ते आणायला उठले तेव्हा. प्रत्येक वेळी मी विचारत होते. त्या पत्राला त्याची सही लागत होती, तो तिथला नियम होता आणि मला त्याचीही चीड होती. पण सही लागते म्हणून परवानगीही मागायला हवी, हे कुठं लिहिलं होतं? मीच ते जोडून घेतलं होतं.

"वहिनी, एक कोरा कागद द्या," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा तो नुकताच उठून चहाची वाट बघत बसला होता. मी चहा केला नाही. टाइप केलेलं पत्र त्याच्यापुढे ठेवलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"हे काय?"

"यावर सही करा नाहीतर करू नका. तुमची हरकत असेल तर ती या कोऱ्या कागदावर लिहा. काय हरकत आहे ते. खाली सही करा. उद्या दहा वाजता मी शाळेत जाणारच आहे. दोन्हींतलं एक काहीतरी त्यांना देईन."

"वेड लागलंय का तुला?"

"लिहा."

"अगं, मी गंमत केली दुपारी."

"मी नाही केली. लिहा."

मी समोर उभी राहिले. बसले नाही. त्यानं पेन उचललं, खरंच उचललं. कागदावर 'घरी' एवढं लिहिलं आणि थांबला. घरी काय? बस कोपऱ्यावरून नेणार होती आणि दुपारी अडीचला आणून सोडणार होती. मुलगी त्याच वेळात शाळेत. स्वयंपाक मी पहाटे करून ठेवणार, हे त्यालाही माहीत होतं. घरी काहीच अडत नव्हतं. आणि मराठीत किंवा इंग्रजीत, एका प्रिन्सिपलबाईंच्या टेबलावर जाईल असं वाक्य त्याला सापडेना. तो इंजिनिअर होता, रोज दहा पत्रं लिहायचा, उशीर का झाला, कॉन्क्रीट का नाकारलं. त्या दिवशी त्याला एक ओळ लिहिता आली नाही. चांगली पाच मिनिटं मी त्याला त्या शब्दापुढे बसवून ठेवलं.

शेवटी त्यानं तो कागद चुरगळला आणि टाइप केलेल्या पत्रावर सही केली. "घे बाई. झालं समाधान?"

समाधान झालं नाही. पण शनिवारी पावणेदहाला मी शाळेच्या ऑफिसात होते.

वहिनींनी पुन्हा फाइल उघडली नाही, मी कितीही मागे लागले तरी. त्या म्हणायच्या, मला आता नकोच आहे गं. पत्ते मांडणं मी बंद केलं. दारात येणाऱ्या बायकांना मी सरळ विचारायचे, तुम्हाला काय हवंय? बऱ्याच जणी मग यायच्याच बंद झाल्या.

शिकवायला मात्र मी जीव ओतला. सहावी, सातवी, मग आठवी. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवरा चार लोकांत सांगायचा, "मी हिला पहिल्यापासून मोकळीक दिली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे, आणि मी मोदकाचं ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जायचे.

तीन वर्षांनी व्हिसा नवा करायची वेळ आली. शाळेनं पुन्हा तेच पत्र मागितलं. मी पुन्हा टाइप करून आणलं, आणि या वेळी सगळी तयारी करून ठेवली. काय बोलायचं, तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. रात्रभर धड झोप नाही. सकाळी तो साइटवर निघाला होता, एका पायात बूट चढवत होता. मी पत्र पुढे केलं.

"काय आहे?"

"एनओसी. शाळेची."

"कुठं करायची सही?" त्यानं कागद भिंतीला टेकवला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. वाचलंसुद्धा नाही. "एवढंच ना?" म्हणाला आणि लिफ्टकडे गेला.

मी दारात तशीच उभी राहिले आणि मला त्या शुक्रवारी आला होता त्याहून जास्त राग आला. एका बुटावर उभं राहून करता येण्याजोगी ती सही होती. दिवसभर वर्गात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी तो घरी आल्या आल्या मी विचारलं, "मग त्या शुक्रवारी तुम्ही माझ्याकडून पत्ते का मांडून घेतलेत?"

त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आठवायचा त्यानं खरंच प्रयत्न केला, तेवढं मी त्याला देईन.

"कुठला शुक्रवार?" तो म्हणाला.